तांबोशीची डिकी

आपा मयेकर कुणाच्याही घरी गेले की आधी दाराची विचारपूस करत. घरातली माणसं "या या आपा" म्हणत पुढे आलेली असत, पण आपा उंबऱ्यावरच उभे. एका हाताने दार हळूच ढकलायचं, परत ओढायचं, कान बिजागरीजवळ न्यायचा आणि डोळे मिटून ऐकायचं. डॉक्टर पोराच्या छातीला नळी लावतो तसा सगळा थाट. मग खिशातून कोंबडीचं पीस आणि तेलाची चपटी बाटली निघे, सांध्यात दोन थेंब पडत, आणि तेव्हा कुठे आपा यजमानांकडे वळून विचारत, "बाकी सगळी बरी आसात मां?"

माझ्यासाठी मुलगी बघायला आम्ही आचऱ्याला गेलो होतो, तेव्हा आपा बरोबर होते. पोहे बाहेर यायच्या आत ते माजघराचं दार ऐकून आले आणि माझ्या कानाशी लागले, "व्हय म्हण. दाराचो आवाज नाय. म्हणजे कोण आपटीत नाय. ह्या घरात भांडणा नाय." मी हो म्हटलं. दाराविषयीचा त्यांचा अंदाज बरोबर होता. बायकोविषयी मी इथे काही लिहीत नाही, कारण ती हे वाचणार आहे.

आपांचा एक लाडका शब्द होता, प्ले. दोन भाग एकमेकांवर घासून झिजले, मधे फट पडली आणि डगडग सुरू झाली की मोटार दुरुस्त करणारे म्हणतात, प्ले आला. आपांनी तो शब्द गॅरेजातून काढून साऱ्या संसाराला लावला होता. कुणाचे गुडघे दुखले, "प्ले इलो." कुणी फार बडबडलं, "जिभेक प्ले इलो हा तेच्या." आमच्या वाडीतलं एक जोडपं वेगळं राहायला लागलं तेव्हा सगळ्यांनी सासूला दोष दिला. आपा म्हणाले, "सासूचा काय नाय रे. दोघांत प्ले इलेलो. वेळेर तेल घालूक नाय कोणी."

ही गोष्ट दुसरी मोठी लढाई संपून दहाबारा वर्षं झाल्यानंतरची. मी मालवण बंदरावर आगबोटीची तिकिटं द्यायला होतो, म्हणून सगळे मला बोटमास्तर म्हणत. पावसाळ्यात आगबोट बंद, म्हणजे मी मोकळा, आणि मोकळा माणूस आपांच्या तावडीत सापडायला वेळ लागत नसे. त्यातून लढाईच्या दिवसांत मी पुण्याला लष्कराचे ट्रक हाकले होते. वाडीत आपांखेरीज मोटार हाकता येणारा मी एकटाच. त्यामुळे आपा मला आपल्या धंद्यातला मानत, हलक्या प्रतीचा का होईना.

स्वतः आपांची उभी हयात मुंबईला एका शेटजींच्या मोटारी हाकण्यात गेली. लग्न केलं नाही. का केलं नाही असं विचारलं की "माका खंय टायम?" एवढंच उत्तर. नोकरी सोडून गावी निघाले तेव्हा शेटजींनी आपली तरुणपणीची मोटार त्यांना देऊन टाकली. शेटजी एके काळी तिच्यातून शर्यती धावत. आता ती गॅरेजात धूळ खात होती, आणि शेटजींना तर धावायचं सोडाच, जिना उतरायचा झाला तरी माणूस लागत होता.

ही मोटार मालवणात आली ती गलबतावर, डोलकाठीला बांधून. बंदरावर अर्धं मालवण जमलं होतं. लांबट नाक, आत दोनच सीटा, डोक्यावर टोपीएवढं छप्पर, आणि रंग लालभडक. आमच्याकडे लाल आणि महाग असं काही दिसलं की एकच गोष्ट आठवते. फळ्यांवरून ती खाली उतरायच्या आत गर्दीतल्या कुणीतरी तिचं बारसं करून टाकलं, "तांबोशी इली!" माशाचं ते नाव तिला जन्माचं चिकटलं.

आता तिच्या डिकीविषयी सांगितलं पाहिजे. डिकी म्हणजे सामान कोंबायची पेटी, असं आजचा माणूस समजतो. तांबोशीची डिकी तशी नव्हती. मागचं झाकण वरून धरून उघडलं की ते खालच्या बिजागऱ्यांवर मागे कलंडे आणि आत दोन माणसांची गादीची बैठक निघे. कलंडलेलं झाकण म्हणजेच पाठ टेकायची जागा. वर छप्पर नाही, बाजूला काच नाही, नुसतं आभाळ. म्हणजे मागे बसलेल्यांचा जीव सगळा त्या दोन बिजागऱ्यांवर. आणि मुंबईहून येताना सबंध वाटभर समुद्र नेमका तांबोशीच्या पाठीवर उडाला होता. बिजागऱ्या अशा झिजल्या होत्या, की झाकण कीर्तनात पेंगणाऱ्या म्हाताऱ्याच्या मानेसारखं डुलत असे.

ती डिकी आपांना चतुर्थीच्या आत ठणठणीत हवी होती, कारण तिच्यात बसवून त्यांना आकाला घरी आणायचं होतं.

आका म्हणजे आपांची थोरली बहीण. आपांची आई ते रांगत असतानाच गेली. आकाने त्यांना कडेवर वाढवलं आणि मग लग्न होऊन ती फोंडाघाटाला गेली. आता नवरा वारला होता, ती पुतण्यांच्या घरात राहत होती. बाकी तब्येत खणखणीत, फक्त तिला गाडी लागायची. बैलगाडीचे दिवस होते तोवर ती चतुर्थीला माहेरी येई, आपाही मुंबईहून रजा घेऊन येत. एस्टी सुरू झाल्यावर एकदा बसली, फोंड्यापासून कणकवलीपर्यंत खिडकीबाहेर डोकं काढून ओकली, आणि तिथे उतरून चालत परत गेली. "आता ह्या घरातसून भायर पडान ती चौघांच्या खांद्यार," असं तिने सगळ्यांदेखत सांगून टाकलं. तेव्हापासून आपांच्या घरचा गणपती एकट्या आपांनी आणायचा, एकट्यानेच पुजायचा. मोदकही तेच करत. मी खाल्ले आहेत, म्हणून जास्त बोलत नाही.

आपांचं म्हणणं साधं होतं. आकाला गाडी लागत नाही, गाडीतली कोंदट हवा लागते. डिकीत कोंदणार काय? "तिका सांगान इलंय, ह्या चवथीक तुका घराक न्हेतंय. बोललंय म्हणजे बोललंय."

"आका इली तर तुमका बरां वाटात," मी म्हटलं.

आपा एकदम चिडले. "आकाचा माका काय पडलेला नाय! प्रश्न बिजागरीचो आसा!"

आधी लोहाराकडून लोखंडाच्या बिजागऱ्या करून घेतल्या. श्रावण संपायच्या आत त्यांना गंज चढला आणि झाकण पुन्हा मान टाकायला लागलं. "लोखंडाक ताकद आसा, अक्कल नाय," आपांनी निकाल दिला. "खारो वारो म्हणजे आपलो दुश्मन, ह्यां तेका कळणाच नाय." आणि मग एका सकाळी ते मला ओढत किनाऱ्यावर होड्या बांधणाऱ्या जानू मेस्त्रीकडे घेऊन गेले. तिथे वाळूत एक होडी ओढून ठेवली होती आणि तिच्या मागे सुकाणू लटकत होतं. आपांनी ते हलवलं, कान लावला, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"आयुष्यभर खाऱ्या पाण्यात, आणि प्ले नाय! मास्तर, ही खरी बिजागरी. विलायतेच्या साहेबाक काय कळता?"

सुकाणूची रचना अशी असते: होडीच्या पाठीला पितळेच्या कड्या, सुकाणूला पितळेचे खुंट. खुंट वरून कड्यांत सोडले की सुकाणू बसलं, वर उचललं की निघालं. होडी किनाऱ्याला लागताना सुकाणू चटकन काढता आलं पाहिजे, म्हणून ही सोय. जानूला कल्पना फारच आवडली. एका मोडीत निघालेल्या गलबताचं जाडजूड पितळ त्याच्याकडे पडून होतं. चार दिवस कानशी चालल्या आणि तांबोशीच्या डिकीला सुकाणूच्या कड्या बसल्या. काम देखणं झालं होतं, यात शंका नाही. झाकण बोटाने उघडत होतं आणि श्वासाचाही आवाज नव्हता.

"तू बस," आपा मला म्हणाले.

"मी कित्याक?"

"तुझा नि आकाचा वजन सारखा. आका पडली तर माका दुसरी आका मिळाची नाय. बोटमास्तर काय, बोट कंपनी दुसरो धाडतली."

मी बसलो. बाजारातून निघालो तेव्हा लोक दुकानांतून बाहेर येऊन बघत होते आणि मी राजासारखा रेलून हात हलवत होतो. कुंभारमाठाच्या उतारावर रस्ता डावीकडे वळतो. आपांनी गाडी वळवली, तांबोशी एका अंगाला कलली, आणि माझ्या पाठीखालचं झाकण टेबलाचा खण ओढावा तसं सुळकन बाजूला सरकलं. सुकाणू उभं असतं, त्याला त्याचं वजनच कडीत धरून ठेवतं. आमचं झाकण आडवं होतं. त्याचे दोन्ही खुंट एकाच बाजूने कड्यांत घातले होते आणि आता ते त्याच वाटेने शांतपणे बाहेर पडत होते. साऱ्या जगात ही चूक फक्त मालवणातच होऊ शकते, आणि ती माझ्या पाठीखाली झाली. झाकण निघालं, त्याच्यामागून मी निघालो, आणि दोघे घसरत खालच्या भातशेतीत गेलो.

मी कमरेइतक्या चिखलात बसलो होतो. वरून आपा धोतर सावरत धावत येताना दिसले, तेव्हा मला भरून आलं. ते आले, माझ्या बाजूने पुढे गेले, झाकण उचललं, आणि खुंटावरून बोट फिरवून ओरडले, "मास्तर! वाकूक नाय!"

त्या दिवशी मात्र संध्याकाळी ते माझ्या घरी आले आणि प्रथमच दार न ऐकता आत शिरले. "तू पडलंस तां बरां झालां," म्हणाले, "थयसर आका असती." माझ्या बायकोने आणलेला चहा त्यांनी तसाच ठेवला. चतुर्थी आठवड्यावर होती आणि जानू मेस्त्रीने सांगून टाकलं होतं की खुंटांना दोरी बांधण्यापलीकडे त्याला काही सुचत नाही.

सुचलं ते आपांनाच, आणि तेही जानूच्या अंगणात बसल्या बसल्या. दोन्ही खुंट एकाच दिशेला तोंड करून होते, त्यातला एक काढून उलटा फिरवायचा. "एक हयसून, एक थयसून. तोंडाक तोंड. डावीकडे वळलंव तर हो अडवतलो, उजवीकडे वळलंव तर तो. जातला खंय?" जानूने कपाळावर हात मारला. खुंट फिरवले, वर आरपार एकेक खीळही ठोकली, आणि आम्ही दोघे झाकणावर उभे राहून नाचलो तरी ते हललं नाही.

एक घोटाळा राहिला. जानूने पितळेला होडीसारखं मोरीच्या तेलाने न्हाऊ घातलं होतं. मोरी हा मासा, आणि तिचं तेल लाकूड राखतं पण नाक मारतं. दुसऱ्या दिवशी तांबोशीभोवती वाडीतली झाडून सगळी मांजरं गोळा झाली होती, आणि एक तर डिकीच्या गादीवर विण्याच्या बेतात होतं. त्या वासात आका उंबऱ्यावरच ओकली असती. आम्ही शिकेकाईने बिजागऱ्या घासल्या आणि उंडीचं तेल घातलं. माझ्या बायकोने शिकेकाईचा हिशोब अजून सोडलेला नाही.

निघायच्या सकाळी जानूने नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घालायला उभा राहिला. होडी पाण्यात लोटताना देवाला घालायचं गाऱ्हाणं त्याला येत होतं, मोटारीचं नव्हतं.

"बा देवा म्हाराजा! आज आपा मयेकरान ही नवी होडी..."

"मोटार," आपा म्हणाले.

"ही नवी मोटार पाण्यात लोटूक घेतली हा..."

"पाण्यात नको रे मेल्या, रस्त्यार!"

"रस्त्यार लोटूक घेतली हा. तिका वादळवाऱ्यातसून, खडकातसून सांभाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" जमलेले सगळे गरजले.

"आणि हिच्या जाळ्यात भरभरान म्हावरां गावांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आपांनी दुरुस्ती करायला तोंड उघडलं, मग मिटलं. "गावांदे," म्हणाले, "आकाक म्हावरां आवडता."

आपा आणि मी फोंड्याला पोचलो तेव्हा पाऊस उघडला होता. आका ओटीवर बसली होती. लहानखुरी, पाठीत जराशी वाकलेली, आणि नजर अशी की आपा एकदम शाळकरी पोरासारखे उभे राहिले. "हो बोटमास्तर, आमच्याच धंद्यातलो," म्हणून त्यांनी मला पुढे केलं. तिने तांबोशीभोवती एक फेरी मारली, झाकण दोन्ही हातांनी धरून गदगदा हलवलं, वास घेतला.

"ह्येच्यात बसू?"

"व्हय. वारो आसा, आभाळ आसा. लागाची नाय."

"आणि तू खंय बसतलंस?"

"मी फुडे. हाकूक नको?"

"मगे मी नाय येणंय," आका म्हणाली. "मागे एकटी बसून तुझी पाठ बघीत येव काय? माजा म्हायेर फुडे आणि मी मागे? तू बाजूक बसत असशीत तर येतंय."

"आका, गाडी काय बैल हाकतले?"

"हो एवढो मोठो मास्तर हाडलंस तो कित्याक?"

आपांनी माझ्याकडे पाहिलं. मग डिकीकडे पाहिलं. आणि हळू आवाजात, जणू मलाच विचारत असल्यासारखं म्हणाले, "मी कधी हयसर बसाक नाय रे. शेटची पोरां बसायची. आधी पोरां, मगे पोरांची पोरां. मागे हसायची, गाणी म्हणायची, माका फुडे आयकाक येयचा. वळान बघूचा नाय, रस्त्यार नजर. नोकरीच ती." आणि त्यांनी चावी माझ्या हातात दिली. ज्या माणसाला जगातल्या सगळ्या दारांचे आवाज ओळखता येत होते, त्याने आयुष्यभर दुसऱ्यांचा आनंद पाठमोरा ऐकला होता, आणि हे आमच्यापैकी कुणाच्या कधी ध्यानातही आलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

आकाने डोक्यावर इरलं घेतलं, कनवटीला भाजलेले काजू बांधले आणि डिकीत अशी चढली जणू पालखीतच बसते आहे. आपा तिच्या शेजारी अंग चोरून बसले. पुतण्यांनी हात जोडले आणि आम्ही निघालो. खड्डे येत होते, वळणं येत होती. दोन माणसांच्या भाराने झाकण जराही कुरकुरलं नाही. मागून आकाचा आवाज अखंड येत होता. कुठलं झाड पडलं, कुणाची म्हैस व्याली, कोण मेलं, सगळं. ओकण्याचं नाव नाही.

कणकवली आली नसेल तोच छपरावर थापा पडल्या. मी गाडी थांबवून मागे धावलो. आका मजेत काजू खात होती. आपा पांढरेफटक पडून झाकणावरून बाहेर वाकले होते.

"लागली तेका," आका शांतपणे म्हणाली. "ल्हानपणी जत्रेक बैलगाडीतसून न्हेलंय तेव्हापण असोच. म्हणान तर मेलो ड्रायवर झालो. हाकणाऱ्याक लागणा नाय."

आपांनी तोंड पुसलं. "मास्तर, गावात बोलशीत तर बघ," म्हणाले. आवाज फारच बारीक होता.

त्यावर उपाय तर समोरच होता, आणि तो मोटारीतलं ओ की ठो न कळणाऱ्यालाही सुचला असता. "आपानु, तुमी फुडे येवा," मी म्हटलं. "हाकूक बसलात की लगेच बरां वाटात. मी आकाच्या बाजूक बसतंय."

आपांनी उघड्या दारातून स्टिअरिंगच्या चाकाकडे पाहिलं. मग मान हलवली.

"नको," म्हणाले. "हयसरच बरो आसंय."

आणि ते पुन्हा डिकीत कलंडले आणि आकाच्या मांडीवर डोकं ठेवून डोळे मिटून पडले. साठीला आलेला माणूस, पाय बाहेर, टोपी कुठेतरी. आकाने इरलं दोघांवर ओढून घेतलं आणि त्यांच्या कपाळावरून हात फिरवायला लागली.

"सावकाश हाक रे मास्तरा," ती मला म्हणाली. "माझ्या झिलाक गाडी लागता."

झील म्हणजे मुलगा. ती चुकून बोलली असेल, किंवा चुकून नसेलही. आपांनी डोळे उघडले नाहीत.

मी सावकाश हाकली. कसालच्या चढावर एका बैलगाडीने आम्हाला मागे टाकलं, गाडीवानाने वळून दात काढले, तरी मागून कुणी काही बोललं नाही.